एका जर्मन कारखान्याचा इतिहास टाइप करताना

"शटर पूरा ऊपर था, अबू फहद. मैंने अपनी आँखों से देखा."

पलीकडच्या खोलीत शेजारचे दुकानदार जयंतीभाई हे माझ्या मालकांना सांगत होते. मी अलीकडे टाइपरायटरवर कागद चढवत होते. मधल्या पार्टिशनची काच लुटालुटीत फुटली होती आणि तिच्या जागी आम्ही पुठ्ठा लावला होता. पुठ्ठ्यातून सगळं ऐकू यायचं.

"कोणी वर केलं होतं?" अबू फहदनी विचारलं.

"अबू सामी, और कौन? चावी उसी के पास थी."

चाव्या दोन होत्या. एक अबू सामींकडे असायची आणि एक माझ्याकडे. मी कागद सरळ केला आणि टाइप करू लागले.

ही गोष्ट १९९१च्या ऑक्टोबरमधली. मी बावीस वर्षांची होते आणि सालमियाच्या एका शोरूममध्ये सेक्रेटरी होते. हे शोरूम एका जर्मन कंपनीचं कुवेतमधलं एजंट. कंपनीचं नाव लिहीत नाही. ती अजून त्याच घराण्याकडे आहे. दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावात ते शोभेची धातूची भांडी बनवतात. मेणबत्तीची घरं, तबकं, फोटोच्या चौकटी. आखाती देशांसाठी खास दल्ला, म्हणजे लांब चोचीची अरबी कॉफीची किटली.

माझे बाबा इथल्या हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन. मी चार वर्षांची असताना आम्ही नाशिकहून आलो. माझं शिक्षण इथल्या भारतीय शाळेत, इंग्रजीतून झालं. मराठी घरापुरती. बाहेर मी कोणत्याच भाषेत फारसं बोलत नसे. अबू फहद गंमतीने म्हणायचे, "मिस मेधाचा आवाज आपण शोकेसमध्ये ठेवू या. ऐकायला तर मिळत नाही, निदान बघायला मिळेल." सगळे हसायचे. मीही हसायचे, तेही आवाज न करता.

हे शटर प्रकरण समजायला आमच्या धंद्यातली एक पद्धत माहीत हवी.

कंपनी प्रत्येक डिझाइनचा एक नग एजंटकडे कायमचा ठेवते. त्याला रेफरन्स पीस म्हणतात. तो विकायचा नाही. कुणा गिऱ्हाइकाने तक्रार आणली की त्याची वस्तू या नगाशेजारी ठेवायची आणि फरक बघायचा. त्यामुळे हा नग नेहमी कारखान्यातून निघाला तसाच दिसला पाहिजे. आमची बरीचशी भांडी आतून पितळेची असतात आणि वर विजेच्या प्रवाहाने चढवलेला चांदीचा पातळ थर असतो. दमट हवेत चांदी आधी पिवळट दिसते, मग तपकिरी होते, मग काळी. काळी पडलेली घासून काढली की घासताना थरही थोडा जातो. म्हणून काळी पडूच द्यायची नाही. दर गुरुवारी हातमोजे घालायचे, कोरड्या सुती फडक्याने एकाच दिशेने पुसायचं, आणि औषध लावलेल्या कापडात पुन्हा गुंडाळून ठेवायचं. एकूण एकेचाळीस नग. हे काम माझ्याकडे होतं. कंपनीचे मालक कॉनराड साहेब पूर्वी एकदा कुवेतला आले होते, तेव्हा त्यांनी स्वतः मला शिकवलं होतं. "चुकलेला गुरुवार शनिवारी भरून निघत नाही," असं ते म्हणाले होते. मी ते मनावर घेतलं होतं. मी शाळेतही अशीच होते.

ऑगस्ट १९९०मध्ये इराकी सैन्य आलं. अबू फहद तेव्हा कुटुंबासह सुट्टीवर परदेशात होते, ते तिकडेच अडकले. शोरूम बंद. आम्ही घरात. बाबा तेवढे हॉस्पिटलमध्ये जायचे, कारण तिथे माणसं कमी आणि काम दुप्पट झालं होतं. आई तांदूळ मोजून शिजवायची. आणि मला, आता सांगायलाही विचित्र वाटतं, त्या एकेचाळीस नगांची काळजी लागली होती. एसी बंद. ऑगस्टची समुद्राची हवा. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या गुरुवारी सकाळी आई दुधासाठी रांगेत उभी राहायला गेली आणि मी चावी घेऊन बाहेर पडले. घरापासून शोरूम सात मिनिटांवर. रस्ता रिकामा होता. मला वाटलं, अर्ध्या तासात गुंडाळून परत येईन.

शटर मी अर्धंच वर केलं, आत उजेड यावा म्हणून. वीज नव्हती.

सात-आठ नग झाले असतील. शटरखाली बूट दिसले. सहा बूट, म्हणजे तीन माणसं. ते वाकून आत येणार, तेवढ्यात मागच्या दाराने अबू सामी आले. ते मागच्या गल्लीतच राहायचे. त्यांनी खिडकीतून मला शटर उघडताना पाहिलं होतं आणि घरातल्या सपाता घालूनच पळत आले होते.

अबू सामी आमचे जुने सेल्समन. पॅलेस्टिनी, साठीला आलेले. तीस वर्षं कुवेतमध्ये. त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं, मला मागच्या दाराकडे ढकललं आणि म्हणाले, "या बिन्ती, घरी. पळू नकोस, चालत जा." बिन्ती म्हणजे माझी मुलगी. मग पुढे होऊन त्यांनी सैनिकांना सलाम केला आणि शटर स्वतः पूर्ण वर केलं.

मी चालत घरी गेले.

सैनिकांनी त्यांना दोन दिवस तिथेच ठेवलं. माल ट्रकमध्ये भरायला लावला. जयंतीभाईंनी आपल्या दुकानाच्या जाळीतून जे पाहिलं ते हे: शटर वर, आणि अबू सामी हाताने तबकं उचलून सैनिकांना देत आहेत. जयंतीभाई खोटं बोलत नव्हते. त्यांनी अर्ध्या तासानंतरचं पाहिलं होतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी अबू सामी आमच्या घरी आले. डाव्या डोळ्याखाली सूज होती. चहा घेतला नाही. बाबांना म्हणाले, "डॉक्टर," ते बाबांना डॉक्टरच म्हणायचे, "तुमची मुलगी त्या दिवशी दुकानात नव्हती. मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका."

बाबांनी मान हलवली. ते गेल्यावर आई माझ्यासमोर बसली. "आत किती माणसं होती?" तिने विचारलं.

"तीन. पण ती आत यायच्या आधी मी बाहेर पडले, आई. काही झालं नाही."

"झालं नाही ना? मग झालं नाही हेसुद्धा कुणाला सांगायचं नाही. लोक 'नाही' ऐकत नाहीत. 'सैनिक' ऐकतात आणि 'मुलगी' ऐकतात."

त्यानंतर आम्ही बसने बगदाद, तिथून अम्मान, अम्मानहून विमानाने मुंबई आणि पुढे नाशिक असे गेलो. युद्ध संपल्यावर हॉस्पिटलने बाबांना परत बोलावलं. जुलै १९९१मध्ये आम्ही सालमियाला परतलो. तेलविहिरी अजून जळत होत्या. दुपारी दिवे लावावे लागायचे. बाल्कनीतल्या दोरीवरचे कपडे वाळायच्या आत काळपट व्हायचे. त्या धुरात गंधक असतं आणि चांदीचा गंधक हा सगळ्यात मोठा शत्रू, पण पुसायला चांदी उरलीच नव्हती. शोरूममध्ये भिंती होत्या आणि शेल्फचे खिळे होते.

तोपर्यंत इथे पॅलेस्टिनी लोकांचे दिवस फिरले होते. त्यांच्या नेत्यांनी इराकची बाजू घेतली म्हणून सगळ्यांवरच संशय. अबू सामींना चौकशीला नेऊन तीन आठवड्यांनी सोडलं होतं. त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत आला होता. तो वाढवायला मालकाचं पत्र लागतं. मालकाने पत्र दिलं नाही तर अम्मान. अम्मानला त्यांचे कागद होते, पण घर कधीच नव्हतं. त्यांची बायको इथल्या कबरस्तानात होती.

मी एकदा त्यांच्या दाराशी गेले. म्हटलं, मी अबू फहदना सांगते.

"काय सांगशील?"

"खरं ते."

"खरं!" ते हसले. "या बिन्ती, चौकशीत मला एकदा विचारलं, 'तू उघडलंस का?' मी हो म्हटलं. आता नाही म्हटलं तर मी दोनदा खोटा. आणि तू सांगितलंस, तर पहिला प्रश्न काय येईल, माहीत आहे? शटरबद्दल नाही येणार. तुझं लग्न व्हायचंय. घरी जा."

मी घरी गेले. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

ऑक्टोबरमध्ये कॉनराड साहेब जर्मनीहून आले. एजन्सी पुन्हा सुरू करायची होती आणि उद्घाटनाला एक पुस्तिका छापायची होती. कंपनीचा इतिहास इंग्रजीत आणि अरबीत. इंग्रजी टाइप करण्याचं काम माझ्याकडे आलं. साहेब तेव्हा साठ ओलांडलेले, उंच, कोटाच्या खिशात नेहमी घडी केलेलं फडकं. ते तोंडी सांगायचे आणि मी टाइप करायचे. चार दिवस आम्ही दोघं त्या रिकाम्या शोरूममध्ये दोन खुर्च्या टाकून बसलो.

त्यांचे पणजोबा कथिलाचे ओतारी. प्यूटर म्हणून एक धातू असतो, त्यात मुख्य कथिल, बाकी थोडं तांबं वगैरे. तो चुलीवरसुद्धा वितळतो. पणजोबा घराच्या मागच्या पडवीत त्याच्या ताटल्या आणि बिअरचे मग ओतायचे आणि बायको ते हातगाडीवरून बाजाराला न्यायची. आजोबांनी लेथ आणला. पितळेचा गोल पत्रा लेथवर फिरवायचा आणि लाकडी ठोकळ्यावर दाबत दाबत त्याला भांड्याचा आकार द्यायचा. साहेब हे सांगताना हातांनी दाबून दाखवायचे. वडिलांच्या काळात चांदीचा मुलामा आला. आणि आखाती देशांतली दल्ला ही त्यांची स्वतःची. अबू फहदच्या वडिलांनी घरची जुनी किटली त्यांना नमुन्यासाठी दिली होती.

या सगळ्याच्या मुळाशी असतो मास्टर. प्रत्येक डिझाइनचा पहिला, हाताने घडवलेला नग. त्यावरून साचे बनतात. साचा झिजला की पुन्हा मास्टरवरून नवा करायचा. मास्टर गेला की डिझाइन गेलं. साहेब म्हणाले, "इमारत जळली तर परत बांधता येते. मास्टर म्हणजे कारखाना."

तिसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या महायुद्धापर्यंत आलो. त्यांनी एकच वाक्य सांगितलं: "युद्धाच्या वर्षांत मास्टर वाचले." पुढे म्हणाले, "नवा परिच्छेद."

मी थांबले. मी सहसा प्रश्न विचारत नाही. पण कोणी वाचवले हे त्या वाक्यात नव्हतं आणि टायपिस्टला अशी जागा खटकते. "सर, कोणी वाचवले?"

बाहेर कोणीतरी टँकरमधून पाणी भरत होतं.

"सरकारने सगळं पितळ, तांबं, कथिल मागितलं होतं, वितळवायला," ते म्हणाले. "ओटो नावाचे आमचे पॉलिशवाले होते. त्यांनी मास्टर अंगणात पुरले. वरून राखेचा ढीग ओतला. माझ्या वडिलांनीच त्यांना सांगितलं होतं. मग गावातल्या कोणीतरी कळवलं. माणसं आली. वडिलांना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का? मी चौदा वर्षांचा होतो, त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो."

"मग?"

"वडील म्हणाले, मला माहीत नव्हतं. ओटो काही बोलले नाहीत. त्यांना घेऊन गेले. ते परत आले नाहीत." त्यांनी खिशातलं फडकं काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं. "सगळे मास्टर सापडले नव्हते. निम्मे राहिले. त्यांच्यावर आम्ही पुन्हा उभे राहिलो."

"हे लिहू का, सर?"

"नाही. आमच्या घरात हे बोलत नाहीत. वाक्य आहे तसं ठेवा."

मी ठेवलं.

चौथ्या दिवशी शेवटचं पान, कुवेत एजन्सीचं. त्यात जुन्या माणसांची नावं होती. अबू फहद माझ्या मागे उभं राहून वाचत होते. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. "हे काढ."

ते अबू सामींचं नाव होतं. मी व्हाइटनरची बाटली उघडली. ब्रशने एक थर दिला, फुंकर मारली, दुसरा थर दिला. पांढऱ्याखालून 'एस' अजून दिसत होता. मी तिसरा दिला. पुसणं हे माझं कामच होतं आणि मी ते नेहमी नीट करायचे.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी सांगितलं, अबू सामींचं नाव काढलं. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला. बाबा म्हणाले, "त्यांच्या इकाम्याचं काय झालं?"

"उद्या ठरेल."

"हं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अबू फहदनी मला हाक मारली. "मिस मेधा, पत्र घे." खोलीत कॉनराड साहेब होते आणि जयंतीभाई होते. जयंतीभाईंची साक्षीदार म्हणून सही हवी होती. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि पुन्हा पुन्हा सांगत होते, "मेरा उस आदमी से कोई झगड़ा नहीं है. जो देखा, वो बोला." मला त्यांचाही राग येत नव्हता. ते स्वतः सात महिने इथे अडकले होते. आपण कुठल्या बाजूला होतो हे त्यांनाही रोज कुणाला तरी पटवून द्यावं लागत होतं.

पत्र इकाम्याच्या कार्यालयाला होतं. अबू फहद सावकाश सांगत होते. आम्ही या कर्मचाऱ्याला कामावर ठेवू इच्छित नाही. मालकाच्या गैरहजेरीत त्याने शत्रूच्या सैनिकांसाठी शोरूम उघडलं.

ते कठोर माणूस नव्हते. त्यांचा धाकटा भाऊ सैनिकांनी धरून नेला होता आणि अजून त्याचा पत्ता नव्हता. सांगताना ते अबू सामींचं टेबल असायचं त्या रिकाम्या जागेकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. मध्येच कॉनराड साहेबांना म्हणाले, "वीस वर्षं माझ्या वडिलांबरोबर जेवला तो. मला हे पत्र लिहायला आवडतं असं वाटतं तुम्हाला?"

"तुमचा माणूस आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही ठरवा. मला इथलं काही माहीत नाही."

'मला माहीत नाही' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला ते विचारावंसं वाटणार. ते पत्र गेलं नाही. अबू फहदनी त्या दुपारी दुसरं पत्र अरबीत, स्वतःच्या हाताने लिहिलं. अबू सामींना सहा महिन्यांचा इकामा मिळाला. सहा महिन्यांनी तो वाढला नाही. तिथे आमच्या पत्राचा उपयोग नव्हता. ते अम्मानला गेले. जाण्याआधी मात्र ते शोरूमच्या पुढच्या दाराने आले, सगळ्यांसमोर बसून कॉफी प्यायले आणि अबू फहदनी ती स्वतः ओतली. पुस्तिकेचं शेवटचं पान मी पुन्हा टाइप केलं, त्यांच्या नावासह. कारखान्याचं वाक्य मात्र तसंच छापलं गेलं: युद्धाच्या वर्षांत मास्टर वाचले.

आईचा अंदाज बरोबर होता. जयंतीभाईंच्या घरून गोष्ट बाहेर गेली आणि सालमियातल्या आमच्या मंडळाच्या बायका माझ्याशी जास्त हळू आवाजात बोलू लागल्या. नाशिकचं एक स्थळ आलं होतं, त्यांचं पत्र यायचं थांबलं. आई दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी तिने डबा भरताना विचारलं, "तेव्हा तुला भीती वाटली नाही?" मी म्हटलं, बोलायला जास्त वाटली.

नोकरीत पुढे मी बरीच वर्षं काढली, दोन कंपन्यांत. तरुण सेक्रेटरींना मी एवढंच सांगते: साहेब सांगतील ते टाइप करा, पण सांगितलेलं आधी पूर्ण वाचा. टाइप करणाऱ्या माणसाला वाचताही येतं हे साहेब लोक विसरतात आणि काही दिवसांनी आपणही विसरतो.

त्या सकाळी शॉर्टहँडच्या वहीत माझी पेन्सिल 'उघडलं' या शब्दापर्यंत आली होती. त्याच्या आधी कर्त्याची जागा. अबू फहद म्हणाले, "झालं? वाचून दाखव."

मी वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य वाचलं. दुसऱ्यावर आवाज गेला. जयंतीभाई म्हणाले, "ज़ोर से, बेटी, सुनाई नहीं देता." कॉनराड साहेबांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मी वही मिटली. ती मांडीवर ठेवली. आणि आम्ही ऑफिसात ज्या इंग्रजीत बोलायचो, त्या इंग्रजीत, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले:

"अबू सामींनी उघडलं नाही, सर. शटर मी उघडलं. गुरुवार होता आणि मला चांदी पुसायची होती."